एका ओढीत सुटणारी गाठ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आता कुणी म्हणायची वाट न बघता मी स्वतःच कबूल करते. दूधवाला नेहमीपेक्षा गोड बोलला की मी पातेलं उजेडात नेऊन बघते. लातुरात इतकी वर्षं गणित शिकवलं, पण एखाद्या मठ्ठ पोराचं उत्तर अचानक बरोबर आलं तर त्याच्या पाठीवर हात ठेवायच्या आधी मी शेजारच्याची वही मागून घ्यायची. नवरा म्हणतो, देव समोर उभा राहिला तरी तू त्याला रेशन कार्ड मागशील. सगळे हसतात, मीही हसते. पण हा स्वभाव कोणत्या दिवसांत माझ्या अंगात मुरला हे मला पक्कं ठाऊक आहे. ते लिहायचं मी फार वर्षं टाळलं. आता पन्नाशी जवळ आली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसंही उरली नाहीत.

आमचं घर मुखेडकडच्या एका तलावाच्या काठाला होतं. घरात आम्ही तिघंच, आबा, माय आणि मी. आबा मासे धरायचे. होडी वगैरे काही नव्हती. थर्माकोलचे ठोकळे जाळ्याच्या पिशवीत कोंबून आवळलेले, त्यावर एक फळी, आणि फळीवर मांडी घालून बसलेले आबा, असा आमचा सारा संसार पाण्यावर तरंगायचा. सकाळी इमामभाई सायकलीला टोपली बांधून यायचे आणि मासे मुखेडला न्यायचे. जे टोपलीत जायच्या लायकीचं नसायचं ते आमच्या चुलीवर यायचं. माय झिंगे तव्यावर कोरडे भाजायची, त्यात लसूण आणि तिखट ठेचून टाकायची, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ते खाताना आबा दर वेळी म्हणायचे, "राजाला बी हे मिळत नसंल." राजाला मिळत नसेल हे खरंच असावं, कारण मी आता लातुरात दहा ठिकाणी मागून पाहिलं आहे, मलाही मिळत नाही.

भूकंप झाला त्या पहाटे आमच्या भिंतीला दोन चिरा गेल्या, एवढंच. खरं जे झालं ते तिकडे, औसा-उमरग्याच्या बाजूला. पण भीती चिरांच्या हिशोबानं थोडीच येते? आमचं गाव पुढे कितीतरी महिने अंगणात झोपलं. मायनं घरात फळीवर तांब्या ठेवला आणि तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं. जमीन जरा हलली की फुलपात्र पडेल आणि आवाजानं आपल्याला कळेल, असा तिचा बेत. मांजरानं ते पाडलं की आम्ही चुलीवरचं तसंच टाकून बाहेर पळायचो. माणसं जमिनीवर संशय घ्यायला लागली, मग विहिरीच्या पाण्यावर, मग रेडिओवर, आणि शेवटी एकमेकांवर. त्यातच इमामभाई रोज मुखेडहून नवी बातमी आणायचे की मदत लाटायला खोटे भूकंपग्रस्त निघालेत. घर शाबूत असलेली माणसं डोक्याला पट्टी बांधून गावोगाव फिरतात. "अंगावर माती लावून येतेत," ते म्हणायचे, "रडतेत बी झकास. पैचानणं मुश्किल."

अशा दिवसांत नागनाथ आमच्याकडे आला. एसटीच्या टपावरून दोन नालीदार पत्रे, कॅनव्हासची एक गुंडाळी आणि पत्रा कापायची कात्री घेऊन उतरला. स्टँडवर त्यानं विचारलं होतं, इथं मासे कोण धरतं? आबा त्याला घेऊनच घरी आले. चाळिशीचा असेल. हाडापेरानं मजबूत, दाढी वाढलेली, आवाज इतका हळू की मायला दर वाक्याला "आँ?" करावं लागायचं. तिकडचा, भूकंपाच्या पट्ट्यातला आहे म्हणाला, गावाचं नावही सांगितलं. त्याच्या बोलण्यात मधेच कानडी शब्द यायचे. मायनं दुसरी भाकरी वाढायला घेतली की "बेडा, बेडा" म्हणायचा, म्हणजे नको.

"घरी कोण कोण हाय?" मायनं विचारलं.

"एकटाच हाय," तो म्हणाला आणि भाकरी कुस्करून कालवणात घालत राहिला.

एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, हुंदका नाही. तो हात धुवायला गेल्यावर माय माझ्या कानाशी लागली, "ज्याचं सगळं गेलं तो मानूस असा जेवतो व्हय? कालवनात मीठ कमी हाय हे बी कळालं त्याला." मला ते पटलं. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते आणि दुःख कसं दिसतं याचं माझं सगळं ज्ञान इमामभाईंकडून आलेलं होतं. त्यांच्या बातमीत खोटी माणसं झकास रडायची आणि हा रडतच नव्हता, तरी तो खोटाच हे आम्ही कसं ठरवलं, हा हिशोब आज गणिताच्या बाईंना सुटत नाही.

शिवाय ते पत्रे. मदतीच्या शेडला जसे लागले होते तसेच, नवे कोरे. इमामभाईंनी सायकल स्टँडवर न लावताच बोट फिरवून बघितलं. "सरकारी माल है," ते आबांना म्हणाले. "कुनाच्या तरी शेडचा काढून आणला. घर में रखू नका, आबा." आबा हसले. आबांना संशय घेता यायचा नाही, आणि त्यांच्या वाटणीचं ते काम आम्ही दोघी मायलेकी करायचो.

नागूकाका, म्हणजे आबा त्याला नागू म्हणायला लागले म्हणून मीही काका म्हणायचे, तो गोठ्याच्या बाजूला छपरात राहिला. त्यानं आबांना सांगितलं, थर्माकोलवर वारा आला की तुम्ही वाहून जाता, मी तुम्हाला डोंगी करून देतो. मग तीन दिवस तो पत्रा ठोकत होता. नाल्या सपाट करायला लाकडी हातोडी चालवायचा आणि त्या आवाजानं गाव घराबाहेर यायचं. चौथ्या दिवशी पत्र्याला आकार आला. एका माणसापुरती, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती डोंगी. जोडांवर त्यानं डांबर ओतलं, बसायला बुटकी फळी टाकली आणि दोन्हीकडे पातं असलेलं एकच वल्हं तासलं. आबा त्यात बसून तलावात गेले तेव्हा लहान लेकरासारखे ओरडत होते. मला तेही आवडलं नाही. आपला बाप परक्या माणसाच्या हातच्या वस्तूत एवढा खूश होतो, हे मला सहन झालं नाही, असं आता सरळ लिहून टाकते.

मग ती झोळी आली. कॅनव्हासची गुंडाळी म्हणजे मदतीच्या तंबूचा तुकडा होता. त्याची त्यानं तोंडाला रुंद आणि शेपटाला चिंचोळी अशी पिशवी शिवली, तोंडात तारेचं कडं घातलं आणि त्याला दोर लावला. वारा असला की ही झोळी पाण्यात सोडायची. तिच्यात पाणी भरतं, ती डोंगीला मागं धरते, आणि वाऱ्यानं पळणारी डोंगी गोगलगाईच्या चालीनं सरकते. मग गळ हव्या त्या खोलीवर राहतो आणि खालची मरळ निवांत येऊन लागते. हे आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की या माणसानं आबांच्या होडीला एक ओझं बांधलं आहे.

तो आबांना काठावर बसवून शिकवायचा आणि मी भांडी घासायच्या मिषानं ऐकायची.

"आन्ना, झोळी कधी बी कडंला बांधायची न्हाई. तशी बांधली की डोंगी आडवी होती आन पलटी मारती. नाकालाच."

डोंगीच्या नाकाला त्यानं लोखंडी कडी बसवली होती. दोर त्या कडीतून ओवून मागं, बसणाऱ्याच्या उजव्या गुडघ्यापाशी आणला होता आणि तिथं खुंटीला बांधला होता.

"ह्यो बारीक दोर झोळीच्या शेपटाला. काम झालं की ह्याला वढा, झोळी उलटी होती, पाणी सांडतं, हलकी होऊन येती. दोर हाताला, पायाला गुंडाळायचा न्हाई. बुडलेल्या बाभळीकडं सोडायची न्हाई, आडकंल. आन आडकलीच तर हे बगा." त्यानं खुंटीवरच्या दोराचं लोंबतं टोक एकदाच ओढलं आणि सगळी गाठ मोकळी झाली. "सोडून द्यायची. झोळी गेली तर गेली."

"आन नाहीच सुटली तर?" आबांनी विचारलं.

त्यानं कमरेची सुरी काढून फळीखाली, गुडघ्याजवळच्या खाचेत खोचली. स्वयंपाकघरातली साधीच सुरी होती, मुठीला निळ्या कापडाची चिंधी बांधलेली. "मग ही. डोंगीत बसायच्या आदी हिला हात लावून बगायचं, मगच वल्हं."

या गाठीपाशी माझा संशय पक्का झाला, आणि ते का, हे समजायला आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्यात नवीन दोर पाण्यात जाताना पहिली गाठ घरच्या लेकीनं मारायची. तीन वेढे, दोर पाण्यात बुचकळून आवळायचा, आणि ती गाठ पुढं कुणी सोडायची नाही. दोर कुजेल तेव्हा गाठीसकट कापायचा. आबांच्या बापाची, आजाची हीच गाठ. सुटणारी गाठ मारणाऱ्याला आमच्यात हसायचे, त्याच्या हातचं जाळंसुद्धा कुणी घ्यायचं नाही. डोंगी बांधायचं दावं मीच खुंट्याला बांधलं होतं. पण झोळीच्या दोराला मी पुढं झाले तेव्हा नागूकाकानं माझा हात हलकेच बाजूला केला.

"अक्का, ही तेवढी मी बांधतो. ही सुटाया पायजे."

घरच्या लेकीचा हात बाजूला केला. मायनं दारातून बघितलं. "सुटाया पायजे म्हने," ती मला आत आल्यावर म्हणाली. "आबा मधल्या पाण्यात असताना सुटली म्हंजी?"

त्यातच लातूरचं निघालं. ते दिवस लातूरच्या क्लासचे होते. तालुक्यात ज्याच्या घरात दहावी पास झालेलं लेकरू असेल त्याला लोक म्हणायचे, लातूरला धाडा. एसटीच्या टपावर पत्र्याच्या पेट्या दिसायच्या आणि पेटीवर पोराचं नाव पांढऱ्या रंगानं लिहिलेलं असायचं. माझे गुण चांगले होते, पण मुलीला एवढ्या लांब ठेवायला माय तयार नव्हती. आणि नागूकाका, ज्याचा आमच्याशी काही संबंध नाही, तो रोज आबांच्या मागं लागला. "आन्ना, धाडा तिला. लेकरू हुशार हाय. ठिवू नका घरी." एकदा मी पाणी घेऊन आले तर तो ओट्यावर माझं गणिताचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला. पानं उलटत नव्हता, नुसता हात फिरवत होता. मला बघून पुस्तक खाली ठेवलं. मी आत जाऊन पुस्तकाचं पान न् पान तपासलं.

आता माझ्या डोक्यात गणित पूर्ण मांडून झालं. याला मला घरातून काढायचं आहे. मग आबा एकटे, भोळे. पाण्यात एक गाठ सुटली की याला तलाव मोकळा, घर मोकळं, आणि बोलायला फक्त माय. सरकारी पत्रे चोरणारा माणूस एवढं करणार नाही कशावरून? प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरून येत होती. चुकीचं उत्तर काढायला रीत किती बरोबर लागते, हे मी पुढं पंचवीस वर्षं पोरांच्या वह्यांत बघितलं.

मुखेडच्या बाजाराचा दिवस होता. नागूकाका सकाळीच इमामभाईंच्या सायकलीवर बसून डांबर आणायला गेला. माय अंबाडी निवडत होती. मी काठावर गेले, डोंगीत गुडघे टेकून बसले आणि खुंटीवरची त्याची गाठ सोडली. एका ओढीत सुटली. मग मी आमची गाठ मारली. तीन वेढे, ओंजळीनं पाणी ओतून, दातांनी धरून आवळली. वरून त्याच्या गाठीसारखंच टोक लोंबत ठेवलं, म्हणजे लगेच कुणाला कळू नये. नंतर मला फळीखाली ती सुरी दिसली. बापाच्या गुडघ्याशी परक्याची सुरी कशाला? मी ती ओढणीत गुंडाळून घरी आणली. मायला न सांगता आबांनी माझ्यासाठी लातूरची पेटी आणून ठेवली होती, तिच्या तळाशी, पुस्तकांखाली ठेवली. मला फार बरं वाटलं. बापाला वाचवलं असं वाटलं, तेच लिहिते.

दुपारी वारा सुटला. वारा असला की झोळीचं काम, म्हणून आबा उत्साहानं निघाले. रोज निघायच्या आधी नागूकाका दोर आणि सुरी बघून घ्यायचा. आज तो नव्हता आणि आबांना स्वतःहून बघायची सवय लागली नव्हती. मी काठावर धुणं धूत होते. आबांनी मधल्या पाण्यात झोळी सोडली, गळ टाकला, मला हात केला. वाऱ्यानं डोंगी हळूहळू मागं सरकत पलीकडं जाऊ लागली, आणि पलीकडं बुडलेल्या बाभळी होत्या. आबा गळाकडं बघत होते. काहीतरी मोठं लागलं असावं.

मग डोंगी एकाएकी थांबली. झोळी खाली बाभळीत अडकली होती. वारा डोंगीला मागं ढकलत होता, दोर नाकाला खाली ओढत होता, आणि येणारी प्रत्येक लाट नाकावरून आत पडत होती. आबांनी बारीक दोर ओढला, तो आला नाही. त्यांनी गुडघ्यापाशी हात घातला आणि लोंबतं टोक ओढलं. परत ओढलं. मला काठावरून त्यांचा खांदा हिसके देताना दिसत होता. भिजून ताणलेली आमची गाठ कधीच सुटत नाही, तिचं तेवढंच तर कौतुक होतं.

मागून सायकल आपटल्याचा आवाज आला. नागूकाका आणि इमामभाई बाजारातून आले होते. नागूकाका पाण्याच्या कडेपर्यंत धावला आणि त्या हळू बोलणाऱ्या माणसाचा आवाज पहिल्यांदा आम्ही ऐकला.

"आन्ना! सुरी! गुडघ्याखाली सुरी हाय, कापा!"

आबांनी फळीखाली चाचपलं आणि दोन्ही रिकामे हात वर केले.

"सुरी! घरात कुनाकडं सुरी हाय का?" तो आमच्याकडं वळून ओरडला.

सुरी माझ्या मागं, तीस पावलांवर, पेटीत होती. मी हलले नाही. मला भीती वाटली हे खरं, पण पाय त्या भीतीनं थांबले नव्हते. पेटीतून सुरी काढली असती तर ती तिथं कशी आली हे सगळ्यांना कळलं असतं. माझा बाप पाण्यात जात होता आणि मी हा विचार करत होते. आयुष्यात पुढं मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण त्या चार-पाच श्वासांइतकी लाज मला कशाची वाटत नाही.

माय आतून विळा घेऊन धावत आली. नागूकाकानं तो तोंडात धरला, थर्माकोलवर पोट टेकलं आणि हातांनी पाणी मारत निघाला. तो पोचेपर्यंत डोंगीचं नाक पाण्याखाली गेलं होतं आणि आबा शेपटाला लोंबकळत होते. गाठ सुटली नाहीच, त्यानं दोर कापला. डोंगी उसळली, पलटी झाली, आणि दोन माणसं एका थर्माकोलला कवटाळून काठाकडं येताना दिसली. इमामभाई छातीएवढ्या पाण्यात गेले आणि त्यांनी आबांना ओढून घेतलं. आबांनी पाणी ओकलं, कुशीवर वळले, आणि म्हणाले, "मरळ व्हती. लई मोठी." माय तेव्हा हसली की रडली ते तिचं तिला माहीत.

डोंगी वाऱ्यानं आपोआप काठाला लागली. मायनं ती सरळ केली आणि खुंटीवर उरलेला दोराचा तुकडा धरला.

"ही गाठ कुनी मारली?"

नागूकाका ओणवा झाला. त्यानं गाठीवरून अंगठा फिरवला, तीनही वेढ्यांवरून. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी ओल्या धुण्याकडं बघायला लागले.

"मी," तो म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा हळू झाला होता. "तुमच्या घरची गाठ शिकून राहिलो व्हतो. हात तिकडंच गेला."

"आन सुरी?"

"इसरलो. बाजारात नेली आसंल, पडली."

"तरीच!" माय म्हणाली. तरीच म्हणजे काय हे तिलाही सांगता आलं नसतं, पण इतक्या दिवसांचं सगळं त्यात होतं. ती त्याला नको नको ते बोलली. खोटारडा, चोर, माझं कुंकू पुसायला आलेला. इमामभाई मान हलवत होते. आबा गोधडीत बसून गाठीकडं बघत होते, काही बोलत नव्हते. आणि मी तर बोलणारच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो गेला. निघताना त्यानं कोपरान् कोपरा शोधला. छपरात, काठावर, डोंगीखाली. मी अंगण झाडत होते. माझ्याजवळ येऊन थांबला.

"अक्का, माजी सुरी कुटं दिसली का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"दिसली तर ठिवा," तो म्हणाला. "लातूरला जावा. गणित चांगलं हाय तुमचं." कात्री तेवढी घेऊन गेला. पत्रे आमच्याकडंच राहिले, डोंगी होऊन.

त्या जूनमध्ये मी लातूरला गेले. आबांनी मायला कसं तयार केलं मला कधी कळलं नाही. एका खोलीत सहा मुली, एक खिडकी, सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास. खाणावळीच्या वरणात डाळ शोधावी लागायची. पाठांतराचा गोंगाट भिंतींतून यायचा आणि माझ्या पेटीच्या तळाशी निळ्या चिंधीची सुरी. पुस्तक काढताना हात लागला की मी पेटी बंद करायची.

शेवटी एका रविवारी मी ती पिशवीत घातली आणि एसटीनं त्या बाजूला गेले. नाव आणि गाव एवढंच ठाऊक होतं. खरं सांगायचं तर माफी मागायला नव्हते गेले. तो खोटा निघेल, असा नागनाथ इथं कुणी नाहीच असं लोक म्हणतील, आणि मी मोकळी होईन, या आशेनं गेले होते. माळावर पत्र्याच्या शेडच्या रांगा होत्या, एकसारख्या. विचारलं तर एका बाईनं हात करून दाखवलं. एका शेडची एक बाजू उघडी होती. दोन पत्रे नव्हते. तिथं पोत्याचं तरट बांधलेलं, वाऱ्यानं फडफडत होतं.

"नागनाथचीच हाय," बाई म्हणाली. "सोताच काडून नेले पत्रे. म्हनला, एकट्याला शेड काय करायची, कुनाची तरी होडी हुईल. येऊन गेला मधी. आता भोकरकडं गेला म्हनत्यात, कुन्या तळ्यावर."

"त्यांच्या घरी कोण होतं?"

"बायको आन लेक. लेक दहावीला व्हती. लातूरला शिकवायची म्हनून लई हौस त्याला." तिनं तरटाची सुटलेली कड खोचली. "ढिगाऱ्यातून सुरी तेवढी निगाली. भाजीची. मूठ हाताला टोचती म्हनून लेकीनं चिंधी बांधली व्हती. ती बी हरवली म्हनं कुटं. आला तवा तीच हुडकून राहिला व्हता."

सुरी माझ्या पिशवीत होती. ती तिथं ठेवून यायला हवी होती, त्या बाईच्या हातात द्यायला हवी होती. पण ती विचारील की तुझ्याकडं कशी, म्हणून मी परतीच्या एसटीत बसले. पिशवी पोटाशी धरून. दुसऱ्यांदा तेच केलं.

आबा शेवटची वर्षं माझ्याकडं लातुरात होते. माय आधीच गेली होती. गॅलरीत खुर्ची टाकून ते खाली क्लासला जाणारी पोरं बघत बसायचे. एकदा मी वाळत घालायच्या दोरीला गाठ मारत होते. बघत बघत ते म्हणाले, "त्या दिवशीची गाठ तुजी व्हती."

माझ्या हातातून दोरी सुटली.

"तीन वेढे, आन शेवटचा उलटा. तू लहानपनापासनं शेवटचा उलटा घेतीस. तुज्यासारखी दुसऱ्या कुनाची न्हाई."

"मग बोलला कामून न्हाईत?" माझा आवाज चढला. "त्याला जाऊ दिलं तुम्ही?"

आबांनी खालच्या पोरांकडं बोट केलं. "तुज्या मायला कळालं असतं तर तिनं तुला उंबऱ्याच्या भाईर पाय टाकू दिला असता का? मी तोंड उघडनारच व्हतो. त्यानं डोळ्यानंच सांगितलं, गप ऱ्हा म्हनून." मग म्हणाले, "लई वाईट केलं आपन."

आपण, म्हणाले. मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि म्हातारी बाई रडते तशी रडले. सुरीचं मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

ती अजून माझ्याकडं आहे, त्याच पेटीत. मध्यंतरी भोकरकडच्या तळ्यांवर दोन-तीनदा जाऊन आले. नागनाथ नावाचा कुणी मिळाला नाही. पातं गंजलं आहे. चिंधीचा निळा रंग आता सांगितल्याशिवाय कळत नाही. परवा पेटी आवरताना मी ती पहिल्यांदा चष्मा लावून नीट बघितली. मुठीवर चिंधी गुंडाळून त्या मुलीनं टोकाला गाठ मारली आहे. बापाकडून शिकलेली असणार. एक टोक मोकळं लोंबतं आहे, एका ओढीत सुटेल असं. मी ते ओढून बघितलं नाही.